‘शेवभाजी’ की ‘शेवमाजी’? हॉटेलच्या पाटीवर नाव हरवते कुठे

सटाणा, ताहाराबाद मागे टाकून साक्रीच्या दिशेने निघाले की पांझरेकाठचे पिंपळनेर लागते. इथून एक रस्ता साक्रीला जाऊन सुरत-नागपूर महामार्गाला मिळतो. दुसरा चरणमाळ घाट उतरून नवापूरकडे, म्हणजे गुजरातच्या वेशीवर जातो. मांगीतुंगीहून परतणारे भाविक, सुरतेकडे निघालेली कुटुंबे, मालाच्या गाड्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपा, सगळ्यांना या टापूत कुठेतरी भूक लागते. गाडी हळू होते, आतली मंडळी खिडकीतून पाट्या वाचू लागतात आणि नेमके वाचता काही येत नाही.

दिसते ते असे. दोन टोकांना थंडपेयाच्या कंपनीचे दोन मोठे शिक्के. मधे उरलेल्या पट्टीत हॉटेलचे नाव. त्याखाली ‘शुध्द शाकाहारी’, ‘फॅमिली रूम’, ‘पंजाबी, चायनीज, काठियावाडी, साउथ इंडियन’, पार्सलची सोय, दोन मोबाइल क्रमांक आणि इंटरनेटवरून उतरवलेले पनीरच्या वाटीचे चित्र. गाडी पुढे गेल्यावर कंपनीचे नाव आठवते, हॉटेलचे आठवत नाही.

ही तक्रार एकट्या पिंपळनेरची नाही. साक्री, नवापूर, अमळनेर, चोपडा, कोणत्याही रस्त्यावर हेच चित्र आहे. पण या छोट्या गावांत त्याची किंमत जास्त मोजावी लागते. शहरातल्या हॉटेलला रोजचे गिऱ्हाईक असते, त्याला पाटी वाचायची गरज नसते. रस्त्यावरच्या हॉटेलला मात्र पाटी हाच एकमेव विक्रेता असतो.

कायद्याने पाटी मराठी झाली, मग अडले कुठे?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. कामगार दहापेक्षा कमी असले तरी पाटी देवनागरी लिपीत मराठीत हवी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे त्यात आले. मद्यविक्री होत असेल तर महापुरुष, थोर स्त्रिया किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत, हेही त्याच वेळी आले. परमिट रूम चालवणाऱ्यांना ही शेवटची अट चांगली ठाऊक आहे.

व्यापाऱ्यांच्या संघटनेने मराठी पाट्यांच्या नियमाला आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती याचिका २५ हजार रुपयांचा खर्च लादून फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि खटल्यावर खर्च करण्यापेक्षा पाटीवर करा, अशा अर्थाचे चार शब्दही ऐकावे लागले.

निर्णय योग्यच होता. पण कायदा अक्षराची लिपी आणि आकार सांगू शकतो, ते वाचता येईल की नाही हे सांगू शकत नाही. आणि ‘आकार’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. संगणकावर इंग्रजी आणि मराठी दोन्हींना शंभराचा आकडा दिला तरी दोन्ही सारखी दिसतील याची खात्री नसते. इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरे, म्हणजे कॅपिटल, सगळी एका उंचीची. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि पायमोडके अक्षर. ही सगळी मंडळी त्याच उंचीत बसवायची म्हणजे मधल्या अक्षराचे अंग आखडते. आकडा सारखा, पण डोळ्याला मराठी बारीक. नियम पाळला, तरी मराठी मागच्या बाकावर.

यावरची हुशारीही आपण पाहतोच. इंग्रजी नाव तसेच्या तसे देवनागरीत उतरवायचे. ‘द फूड हब’, ‘द रॉयल किचन’, ‘अर्बन तडका’. लिपी देवनागरी झाली, काम झाले! यात बेकायदा काही नाही. फक्त पिंपळनेरच्या ‘अर्बन’ तडक्यात अर्बन काय आहे, असा प्रश्न पडतो.

शंभर मीटरवरून काय दिसते?

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाटी दिसणे, वाचणे, ‘थांबायचं का?’ असे मागे विचारणे, आरशात पाहून वेग कमी करणे यात सहा सेकंद सहज जातात. म्हणजे पाटी किमान शंभर मीटरवरून वाचता आली पाहिजे. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: अक्षराची उंची एक इंच असेल तर ते साधारण तीस फुटांवरून वाचता येते. शंभर मीटर म्हणजे ३२८ फूट. तेव्हा अक्षराचे अंग अकरा इंच, म्हणजे जवळजवळ एक फूट हवे.

हा हिशेब मुळात इंग्रजी अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत वेलांटी-उकारांसाठी आणखी अर्धा फूट सोडावा लागतो. चार फूट उंचीच्या पाटीत नावाचीच दीड फूट जागा गेली. ओळींमधली आणि कडेची मोकळी जागा धरली तर खाली एक-दोन ओळींपुरतेच उरते. त्यात आपण सहा ओळी, तीन चित्रे आणि दोन शिक्के कोंबतो.

आता अक्षरांच्या घडणीकडे वळू. देवनागरीत काही जोड्या फार जवळच्या आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’. त्यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीचा आणि डावीकडच्या वळणाचा. फ्लेक्सवाल्याकडचा जाड फाँट, त्याला पांढरी कड, कडेला काळी सावली, वर सोनेरी चमक असे चार थर चढले की ती फट बुजते. मग दुरून ‘शेवभाजी’ ही ‘शेवमाजी’ दिसते. ‘ख’चे दोन भाग नीट जुळलेले नसतील तर ‘खानावळ’ची ‘रवानावळ’ होते. जवळून पाहणारा मालक म्हणतो, मला तर बरोबर दिसतेय. त्याला दिसणारच. नाव त्याने स्वतः ठेवलेले आहे.

आणखी एक गोंधळ संगणकातला आहे. मालक व्हॉट्सअॅपवर नाव पाठवतो ते युनिकोडमध्ये. दुकानदाराच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते नीट जोडता येत नाही. ‘प्रसाद’मधला ‘प्र’ फुटून पायमोडका ‘प्’ आणि ‘र’ असे वेगळे होतात, ‘किचन’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कारागीर चांगला असेल तर तो हाताने पुन्हा टाइप करतो. घाईत असेल तर तसेच छापून देतो. लग्नसराईत सगळेच घाईत असतात.

राहता राहिले ‘शुध्द’. बरोबर रूप ‘शुद्ध’, आधी द आणि मग ध. राज्यातल्या कित्येक शाकाहारी हॉटेलांच्या पाटीवर ते उलटे आहे. ज्या शब्दाचा अर्थच निर्मळ, तोच अशुद्ध लिहायचा, याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की बरोबर लिहिलेले चुकल्यासारखे वाटते.

फुकटची पाटी फुकट असते का?

थंडपेयाची कंपनी पाटी करून देते, लावूनही देते. हॉटेल नवे असते, भांडवल गॅसच्या शेगड्या, भांडी आणि खुर्च्यांत गेलेले असते. मालकाने ती घेतली तर त्याला दोष देता येणार नाही. पण व्यवहार समजून घेऊन करावा. आपल्या दारावरची सर्वांत मोक्याची जागा आपण वर्षानुवर्षे भाड्याने दिली आहे आणि भाडे म्हणून एकदाच एक पाटी मिळाली आहे. शेजारच्या हॉटेलनेही तेच केले आहे. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला एकाच कंपनीची चार दुकाने दिसतात, चार स्वयंपाकघरे दिसत नाहीत.

माझे मत असे की कंपनीची पाटी घ्यायचीच असेल तर ती आतल्या भिंतीवर, फ्रीजच्या वर लावावी. तिथे तिचे काम आहे. दर्शनी पाटी मात्र स्वतःच्या पैशाने करावी, मग ती लहान असली तरी चालेल.

फ्लेक्सचा दुसरा तोटा खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको. आपले ऊन! छपाईच्या शाईत लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. दोन उन्हाळे गेले की तर्री निळसर, भाकरी राखाडी. अन्नाचा रंग निळा दिसू लागला की भूक मरते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. तरी अशा पाट्या पाच-पाच वर्षे टांगलेल्या असतात.

आधीचे पेंटर काय वेगळे करत?

फ्लेक्स येण्यापूर्वी गावात पेंटर असे. पत्र्यावर ऑइलपेंट, खडूच्या दोरीने मारलेल्या दोन रेषा, चपटा ब्रश आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव. सगळेच पेंटर कलावंत होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वाकडी अक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेव्हाही भरपूर होत्या. पण प्रत्येक अक्षराला हात चालवावा लागे, मजुरी पडे. म्हणून मजकूर आपोआप कमी राही. नावात उकार आहे की वेलांटी, हे रेषा मारतानाच पाहावे लागे. शिवाय एका गावच्या पाट्यांना त्या गावच्या पेंटरचे वळण असे. आता पिंपळनेर आणि पनवेल यांच्या पाट्यांत फरक नाही, कारण तयार नमुन्यांची फाइल तीच.

मराठीला अक्षरांची परंपरा नाही असे मुळीच नाही. जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे जे खिळे पाडले, ते देशभर नावाजले गेले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत शीर्षकाची अक्षरे अशी घडवली की नाटकाचा स्वभाव नावातच दिसावा. संगणक आल्यावर र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवला, तो पुढे विंडोजमधून घरोघरी गेला. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट गूगलवर कुणालाही फुकट मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटात तर मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मुळातच दिलेला आहे.

हे मराठी वळण काय प्रकरण आहे? आपण शाळेत जो ‘ल’ गिरवला त्यात मधल्या देठाला दोन बाजूंनी पाकळ्या असतात. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चेही असेच दोन प्रकार आहेत. राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठी वळण प्रमाण ठरवले. पण बहुतेक फाँट न सांगता हिंदी वळणाचे अक्षर देतात. कित्येक फाँटांत मराठी अक्षर दडलेले असते, भाषा ‘मराठी’ निवडली की ते बाहेर येते. पाटीवर ‘हॉटेल’ लिहिताना शेवटचे अक्षर ‘ल’च आहे. निदान ते तरी आपले असावे, असे मला वाटते. कुणाला हा हट्ट वाटेल. वाटू द्या.

म्हणजे चांगले अक्षर आता महाग राहिलेले नाही. ते मागायचे असते एवढेच माहीत नाही.

पाटीवर लिहायचे काय?

या लेखातली मला सर्वांत लागलेली गोष्ट इथे आहे. पुण्यात, नाशकात, मुंबईच्या उपनगरांत ‘खानदेशी’ हा शब्दच आता एक ब्रँड झाला आहे. खानदेशी शेवभाजी, खानदेशी भरीत, खापरावरचे मांडे अशा पाट्या लावून तिथे हॉटेले चालतात आणि आपलीच माणसे हौसेने तिकडे नेतात. खुद्द खानदेशातल्या रस्त्यावर मात्र पाटी पंजाबी, चायनीज आणि काठियावाडीची. काळ्या मसाल्याची भाजी, कळण्याची भाकरी, पाटोड्यांची आमटी, दाल-बट्टी हे आत विचारले तर मिळते, कधी पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. बाहेरून आलेल्या माणसाला इथे जे खायचे आहे, ते आपण लपवून ठेवतो.

यामागचा विचार कळतो. घरचे रोजचे अन्न विकायला कमीपणा वाटतो, बाहेरचे नाव भारदस्त वाटते. सुरतेकडची गिऱ्हाइके आहेत म्हणून काठियावाडी ठेवावे लागते, हेही खरे. पण सुरतेच्या माणसाला काठियावाडी घराशेजारी मिळते. तो चरणमाळ घाट चढून त्यासाठी येत नाही.

आणि सांगण्यासारखे आपल्याकडे आहे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही आहे. दोन्ही २०१६ ची. खरोखर नवापूरची डाळ आणत असाल तर मेनूकार्डावर ‘वरण – नवापूरची तूरडाळ’ एवढी एक ओळ पुरते. आणत नसाल तर मात्र लिहू नये. मानांकनाचे नाव खोटे वापरणे महागात पडू शकते.

नवापूरचा विषय निघालाच आहे तर तिथले रेल्वे स्थानक आठवा. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. रेल्वेच्या नावाच्या पाटीकडे आपण कधी कौतुकाने पाहत नाही. पिवळी जमीन, काळे जाड अक्षर, नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, बस्स. ना सावली, ना चमक. धावत्या गाडीच्या खिडकीतून झोपाळलेला माणूसही ती वाचतो. या टापूतली सर्वांत चांगली पाटी कोणती असे विचारले तर मी तीच दाखवीन.

नाव आपलेच राहील याची खात्री?

नाव चालू लागले की त्याची नक्कल होते. पुढे ‘न्यू’ लागते, मागे ‘ओरिजिनल’ लागते. पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ची गोष्ट इथे उपयोगी आहे. हे हॉटेल १९९२ पासून त्या नावाने चालते. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. पुण्याच्या न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो फेटाळला, कारण ती कंपनी भारतात येण्याआधीपासून हे हॉटेल चालू होते. प्रकरण तिथे थांबले नाही, पुढे उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. एका हॉटेलला इतकी वर्षे झगडता आले ते नावाची वहिवाट सिद्ध करता आली म्हणून. आधीपासून वापर करणाऱ्याला व्यापारचिन्ह कायदा, १९९९ संरक्षण देतो, पण वापर दाखवावा लागतो.

तेव्हा पाटी लावल्या दिवशीचा फोटो, जुनी बिले, परवाने जपून ठेवा. नावाची नोंदणी करायची तर हॉटेल व्यवसायाचा वर्ग ४३ आहे. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे शासकीय शुल्क ४,५०० रुपये, वकिलाची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. नुसते ‘हॉटेल’ आणि त्यापुढे गावाचे किंवा पदार्थाचे नाव असेल तर नोंदणी मिळणे कठीण असते, हे नाव ठेवतानाच लक्षात घेतलेले बरे.

परवान्यावर एक नाव, पाटीवर दुसरे आणि गूगल मॅप्सवर तिसरे, हाही नेहमीचा घोळ. मॅपवर कुणीतरी गिऱ्हाइकाने इंग्रजीत हवे तसे स्पेलिंग टाकलेले असते. मालकाला ते ताब्यात घेता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तिथे नाव देवनागरीतही टाकता येते. पाटीवर आहे तेच, त्याच अक्षरांत टाकावे. रस्त्यावर शोधणाऱ्याची नजर मोबाइल आणि पाटी यांच्यात फिरत असते, दोन्हीकडे एकच नाव दिसले तर गाडी वळते.

नवी पाटी करण्याआधी एक चाचणी घरच्या घरी होते. फ्लेक्सवाला मोबाइलवर नमुना पाठवतो, तेव्हा आपण तो बोटांनी मोठा करून बघतो आणि ‘छान’ म्हणतो. उलटे करा. तो अंगठ्याच्या नखाएवढा होईल इतका लहान करा, हात लांब करून धरा आणि घरातल्या ज्या माणसाला नाव अजून ठाऊक नाही त्याला वाचायला सांगा. त्याला वाचता आले नाही तर सावली काढा, मग सोनेरी चमक, मग पनीरचे चित्र. तरीही अडखळला तर चायनीजची ओळ काढा.

फ्लेक्सवाला म्हणेल, जागा रिकामी दिसतेय. दिसू दे म्हणावे.